रिम वाढते तेव्हा हवा कमी होते

यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जाताना गाडी वळणावर रस्त्याला धरून असते ती फक्त चार ठिकाणी. प्रत्येक टायरचा जेवढा भाग त्या क्षणी डांबराला टेकलेला असतो तो साधारण एका पोस्टकार्डापेक्षा किंचित मोठा. इंजिनाची ताकद, ब्रेक, स्टिअरिंग हे सगळं या चार तुकड्यांतूनच रस्त्यापर्यंत पोचतं. म्हणून स्पोर्ट्स गाडीला नवी मॅगव्हील (हलक्या मिश्रधातूची चाकं) घालायची ठरली, की रिमच्या डिझाइनपेक्षा कितीतरी जास्त विचार टायरच्या आकाराचा व्हायला हवा. प्रत्यक्षात उलटं होतं. सातारा असो की सांगली, आधी रिम पसंत केली जाते, सतरा इंची की अठरा इंची हे दिसण्यावरून ठरतं, आणि मग तिच्यावर बसेल तो टायर शोधला जातो. हा क्रम बदलायला हवा असं मला मनापासून वाटतं, आणि त्याचं कारण टायरच्या आतल्या हवेत आहे.

गाडीचं वजन रबर पेलत नाही, हवा पेलते. रबर आणि आतल्या तारा त्या हवेला फक्त आकारात धरून ठेवतात. हिशोब सोपा आहे. चौदाशे किलोची गाडी धरली तर प्रत्येक चाकावर सरासरी ३५० किलो भार येतो. टायरमध्ये ३३ पीएसआय (पंपावर हवेचा दाब ज्यात मोजतात ते माप) हवा असेल, तर ती प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे २.३ किलो भार तोलते. ३५० ला २.३ ने भागलं की साधारण १५० चौरस सेंटिमीटर येतात. टायर तेवढा चपटा होतो आणि तेवढाच रस्त्याला टेकतो. टायरच्या भिंतीचा ताठपणा थोडा वाटा उचलतो, पण मुख्य काम हवेचं.

या हिशोबात टायरची रुंदी कुठेच आली नाही, हे लक्षात घ्या. वजन तेच आणि हवेचा दाब तोच असेल, तर २०५ मिमी रुंदीचा टायर काढून २२५ चा घातला तरी टेकलेलं क्षेत्रफळ जवळपास तेवढंच राहतं. फक्त त्याचा आकार बदलतो: आडवा वाढतो, लांबीला आखूड होतो. मग रुंद टायरची पकड जास्त का लागते? एक म्हणजे, रुंद आणि बुटका टायर बाजूच्या जोराला कमी लवतो, त्यामुळे स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी लगेच वळते. दुसरं, उष्णता आणि झीज वाटून घ्यायला जास्त रबर मिळतं, म्हणून कंपनीला त्यात मऊ, चिकट रबर वापरता येतं. खरी पकड पुष्कळदा या रबराच्या जातीतून येते. टायरवर लिहिलेली रुंदी तिच्याबद्दल काही सांगत नाही.

याचं एक सुंदर उदाहरण टोयोटाने घालून दिलं. २०१२ मध्ये आलेल्या टोयोटा ८६ या स्पोर्ट्स कारला कंपनीने मुद्दाम २१५/४५ आर १७ (हे आकडे पुढे उलगडू) हे साधे, कमी पकडीचे टायर दिले. त्याच जातीचे टायर त्यांच्या प्रियस या इंधन वाचवणाऱ्या गाडीलाही मिळत. गाडी कमी वेगातच बोलायला लागावी, चालवणाऱ्याला तिचा तोल कळावा, हा हेतू होता. अशा गाडीला २४५ चे टायर चढवणं म्हणजे ती ज्यासाठी बनवली तेच काढून घेणं. ज्याला घाटात रमतगमत गाडी चालवायची आहे त्याने हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावं.

आता टायरच्या भिंतीवरचे आकडे वाचू. २०५/५५ आर १६ ९१ व्ही. हा अनेक सेडान गाड्यांचा मूळ आकार आहे. २०५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ५५ म्हणजे भिंतीची उंची, पण ती टक्क्यांत: २०५ चे ५५ टक्के, म्हणजे सुमारे ११३ मिमी. आर म्हणजे रेडियल, हा टायरच्या बांधणीचा प्रकार. १६ हा रिमचा व्यास इंचांत. तिन्ही आकडे तीन वेगळ्या मापांत असल्यामुळे नुसतं पाहून टायर केवढा मोठा ते कळत नाही, बेरीज करावीच लागते. दोन भिंती २२५.५ मिमी, सोळा इंचांचे ४०६.४ मिमी, एकूण व्यास ६३१.९ मिमी.

रिम एक इंचाने वाढवायची असेल, तर हा एकूण व्यास तसाच राहिला पाहिजे. २२५/४५ आर १७ घेऊन पाहा: भिंती २०२.५, रिम ४३१.८, एकूण ६३४.३ मिमी. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी. अठरा इंचांसाठी २२५/४० आर १८ चा व्यास ६३७.२ मिमी येतो, म्हणजे एक टक्क्याच्या आत. पण कुणी २२५/५५ आर १७ बसवला, तर व्यास ६७९ मिमीवर जातो, साडेसात टक्के जास्त. अशा गाडीचा काटा मूळ टायरवर अचूक असेल, तर आता तो १०० दाखवत असताना गाडी खरोखर १०७ च्या पुढे असते. एरवी गाड्यांचे वेगमापक थोडा जास्तच वेग दाखवतील असे बनवलेले असतात, कारण आंतरराष्ट्रीय नियमानुसार काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नसतो. मोठा टायर ती राखीव जागा खाऊन टाकतो. शिवाय गिअर लांबल्यासारखे होतात आणि घाटात गाडी जड वाटू लागते. दीड-दोन टक्क्यांच्या आत राहिलेलं बरं. तीनच्या पुढे जाऊच नये.

एवढा हिशोब बरेच जण करतात. राहून जातो तो पुढचा आकडा, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. ९१ हा भारांक. त्याचा अर्थ एक टायर ६१५ किलो पेलू शकतो. व्ही हे वेगाचं अक्षर, २४० किमीपर्यंत. एच २१०, डब्ल्यू २७०, वाय ३००. घाटात कुणी २४० ने जात नाही हे खरं, पण हे अक्षर टायर किती उष्णता सोसतो हेही सांगतं, म्हणून मूळ अक्षराच्या खाली उतरू नये.

भारांकाचं उदाहरण घेऊ. ह्युंदाई आय२० एन लाइनला १९५/५५ आर १६ टायर येतात, आणि या आकाराचा नेहमीचा भारांक ८७ म्हणजे ५४५ किलो. सतरा इंची रिमवर तिला २०५/४५ आर १७ व्यासाच्या हिशोबात अगदी बरोबर बसतो, फरक एक टक्काही नाही. रुंदीही वाढली. पण या आकाराच्या साध्या टायरचा भारांक ८४ असतो, म्हणजे ५०० किलो. दिसायला दमदार टायर घातला आणि प्रत्येक चाकाची ताकद ४५ किलोने घटली. असं का होतं? भिंत बुटकी झाली, आतली पोकळी लहान झाली, हवा कमी मावली. वजन पेलणारी हवाच कमी, तर टायर कमी पेलणार.

यावर दोन उपाय आहेत. एक, २१५/४५ आर १७ घ्यायचा, ज्याचा साधा भारांक पुन्हा ८७ येतो. मात्र तो रिमवर आणि मडगार्डच्या आत नीट बसतो का, हे पाहावं लागेल. दुसरा, त्याच २०५ चा एक्सएल, म्हणजे जास्त भाराचा टायर घ्यायचा, भारांक ८८. पण एक्सएलचा पूर्ण भार २.९ बार (सुमारे ४२ पीएसआय) दाबाला धरलेला असतो आणि साध्या टायरचा २.५ बारला (सुमारे ३६ पीएसआय). म्हणजे एक्सएल घालून जुन्याच दाबाने हवा भरली, तर फायदा पदरात पडत नाही. त्याला हवा जास्त लागते. पंपावर "नेहमीचीच भरा" म्हणून चालत नाही.

आता भिंतीच्या उंचीकडे वळतो. २०५/५५ ची भिंत ११३ मिमी, २२५/४५ ची १०१, २२५/४० ची ९०, आणि एकोणीस इंची २२५/३५ ची जेमतेम ७९. चाक खड्ड्यात आपटलं की भिंत दुमडते आणि तो धक्का हवा दाबून जिरवते. भिंत बुटकी असली की दुमडायला जागाच उरत नाही. खड्ड्याची कडा आणि रिमची कडा यांच्यामध्ये रबर चिमटलं जातं, आतल्या दोऱ्या तुटतात आणि दुसऱ्या दिवशी टायरला फुगा दिसतो. असा टायर बदलावाच लागतो, दुरुस्त होत नाही. ऊस तोडणीच्या दिवसांत कराड, इस्लामपूर, पलूस या भागातल्या रस्त्यांवर भरलेल्या ट्रॉल्या रात्रंदिवस धावतात. त्यांच्या ओझ्याने कडा तुटलेल्या रस्त्यावरून ज्याला रोज जायचं आहे, त्याने एक इंचाच्या पुढे रिम वाढवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मोठ्या रिमचा मूळ उपयोग आत मोठी ब्रेक डिस्क मावावी हा होता. डिस्क तीच ठेवून नुसती रिम वाढवली, तर थांबायचं अंतर त्यामुळे कमी होत नाही.

वजनाबद्दल थोडं. मोठी रिम साधारणपणे जड असते. चाकाच्या बाहेरच्या कडेला असलेलं एक किलो वजन गाडी पळवताना दोन किलोंसारखं भासतं, कारण त्याला पुढे न्यायचं असतं आणि फिरवायचंही असतं. तरीही चार चाकांचा मिळून फरक आठ-दहा किलोंचा असेल, तर वेग पकडण्यात तो फारसा जाणवत नाही. जाणवतो तो खडबडीत रस्त्यावर: स्प्रिंगच्या खालचं वजन वाढलं की चाक उसळून पुन्हा रस्त्याला टेकायला उशीर लावतं, आणि तेवढा वेळ पकड नसते.

पावसाचा विचार आपल्याकडे टाळताच येत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तिथून काही तासांच्या अंतरावर जत, आटपाडी हे अवर्षणाचे तालुके आहेत. एकाच गाडीला दोन्हीकडे जावं लागतं. रस्त्यावर पाणी साचलं असेल तर ठरावीक वेगानंतर टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग हलकं पडतं. नासाच्या संशोधकांनी विमानांच्या चाकांवर प्रयोग करून १९६३ मध्ये यासाठी एक सूत्र मांडलं: पीएसआयमधल्या दाबाचं वर्गमूळ काढून त्याला सुमारे १६.६५ ने गुणायचं, की ताशी किमीमध्ये तो वेग मिळतो. ३३ पीएसआयला तो ताशी ९५ किमीच्या आसपास येतो, २५ पीएसआयला ८३. टायरच्या खाचा खोल असतील आणि पाणी उथळ असेल तर यापेक्षा बराच वेग निभतो, पण हवा कमी असण्याचा धोका या दोन आकड्यांतून दिसतो. पुढच्या संशोधनात टेकलेल्या भागाचा आकारही हिशोबात आला: तो जितका आडवा आणि आखूड, तितका टायर लवकर तरंगतो. म्हणजे कोरड्या रस्त्यावर जो रुंद टायर बरा, तोच जुलैत महामार्गावर आधी साथ सोडतो. मेढा, पाटण, महाबळेश्वर या बाजूला राहणाऱ्याने मूळ रुंदीपेक्षा एक पायरी, फार तर दहा-वीस मिमी, एवढ्यावरच थांबावं.

टायर ठरला की मग रिम. टायरची रुंदी आणि रिमची रुंदी यांचं जमावं लागतं. २२५/४५ आर १७ साठी ७ ते ८.५ इंच रुंदीची रिम मान्य आहे, आणि त्या टायरची रुंदी साडेसात इंची रिमवर मोजलेली असते. रिम अर्ध्या इंचाने रुंद झाली की टायर सुमारे ५ मिमी फुगतो. अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवायची हौस काही जणांना असते. त्यात रिमची कडा उघडी पडते आणि वळणावर टायर रिमवरून निसटायचा धोका वाढतो, म्हणून ती करू नये.

रिमवर ईटी म्हणून एक आकडा कोरलेला असतो. चाक नटबोल्टने जिथे टेकतं ती जागा रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे, ते तो सांगतो. साडेसहा इंची ईटी ४५ रिम काढून साडेसात इंची ईटी ३८ घातली, तर रिम बाहेर जवळपास २० मिमी आणि आत ६ मिमी सरकते. बाहेरचे २० मिमी मडगार्डला घासू शकतात, विशेषतः मागे चार माणसं बसल्यावर. आतले ६ मिमी शॉकअॅब्सॉर्बरजवळ जातात. ही वजाबाकी दुकानात जायच्या आधी कागदावर करता येते. रिमचं मधलं भोकही जुळलं पाहिजे. ते हबपेक्षा (गाडीचा ज्या भागावर चाक बसतं त्यापेक्षा) मोठं असेल तर मापाची रिंग घालून घ्यावी, नाहीतर बॅलन्सिंग करूनही ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं.

पुढे-मागे वेगळे टायर घालायचा मोह ताकदवान गाड्यांमुळे होतो. सध्याच्या पोर्शे ९११ कॅरेराला पुढे २३५/४० आर १९ आणि मागे २९५/३५ आर २० असतात, कारण तिचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे आहे आणि तिचा संगणक त्या फरकासाठीच जुळवलेला आहे. इंजिन पुढे आणि ओढही पुढच्या चाकांची असलेल्या गाडीला याचा काही उपयोग नाही. उलट पुढचे-मागचे टायर अदलाबदल करता येत नाहीत आणि झीज वाढते.

सगळ्यात सोपा आणि सुरक्षित मार्ग गाडीतच असतो. चालकाच्या दाराजवळच्या खांबावरचा स्टिकर किंवा गाडीचं पुस्तक पाहा. बऱ्याचदा वरच्या मॉडेलसाठी मोठा आकार कंपनीनेच दिलेला असतो, त्याच्या दाबासकट. माझदा एमएक्स-५ ला १९५/५० आर १६ आणि २०५/४५ आर १७ हे दोन्ही आकार कंपनीकडूनच येतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालतं, आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्याच्या वेळी टायरचा आकार तपासला जाऊ शकतो. कंपनीने दिलेल्या आकारांत राहिलं तर हा प्रश्न उरत नाही.

खरेदी करताना भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. कमी खपाचे आकार दुकानात पडून राहतात, म्हणून हे पाहायलाच हवं. बसवून झाल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून आणि मागे माणसं बसवून कुठे घासतंय का ते तपासा. ऐंशी-शंभर किलोमीटरनंतर नटबोल्ट टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा आवळून घ्या. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा: तापमान सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पीएसआयने वाढतो, त्यामुळे एप्रिलच्या दुपारी मिरजेहून तापून आलेल्या टायरवरचा आकडा खरा मानून हवा काढली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे ती चार-पाच पीएसआयने कमी निघते.