मुरघासाच्या बेलचा रोल: जड बघायचा की चिवट?

मुरघासाच्या (हवा न लागू देता मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) बेलला, म्हणजे दाबून बांधलेल्या गठ्ठ्याला, गुंडाळायचा प्लास्टिक फिल्मचा रोल घेताना आपल्याकडे आधी काय करतात, तर रोल उचलून बघतात, हाताला जड लागला की माल चांगला. आम्हीपण तसाच घेतला होता, आणि मशीनवर चढवला तर दर दोन-तीन बेलला फिल्म फाट्कन तुटायची, वर मक्याच्या ताटांची टोकं आरपार आली ती वेगळीच.

वजन म्हणजे रोलमध्ये माल किती, बस एवढंच. 500 मिमी रुंद, 1800 मीटर लांब, 25 मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) जाडीचा रोल धरा, 900 चौरस मीटर फिल्म झाली, या प्लास्टिकची घनता घन सेंमीला 0.92 ग्रॅमच्या आसपास म्हणजे चौरस मीटरला 23 ग्रॅम, म्हणजे पुठ्ठ्याची नळी सोडून रोल साधारण 20.7 किलो भरायला पाहिजे. 18 भरला तर लांबी नाहीतर जाडी मारलीय, वजनकाटा त्यासाठी नक्की वापरा. पण 24 भरला म्हणून खूष होऊ नका, फिल्म जाड असेल किंवा आत चुनखडीची पूड जास्त असेल, ही पूड प्लास्टिकच्या जवळपास तिप्पट जड असते, तिच्याने वजन वाढतं पण चिवटपणा वाढत नाही.

चिवटपणा म्हणजे ताणल्यावर आणि टोचल्यावर फिल्म किती टिकते. मशीन फिल्म 50 ते 70 टक्के ताणून गुंडाळतं, तिथेच खरी परीक्षा होते. दुकानातच तुकडा ताठ धरून बोथट पेनाने दाबून बघा, चांगली फिल्म आत खोल जाते आणि मग फुटते, कमजोर फिल्मला लगेच भोक पडतं.

आता इथे एक गोची आहे. फिल्म चिवट आहे म्हणून जास्त ताणून रोल पुरवायचा मोह होतो, पण 70 टक्के ताणली की 25 ची जेमतेम 15-16 मायक्रॉन उरते, आणि प्लास्टिकमधून हवा हळूहळू आत जातेच, जेवढं पातळ तेवढी जास्त. भोक एकही नसतं तरी बुरशी येते. म्हणून 4 थर कमीत कमी, मका जास्त महिने ठेवायचा असेल तर मी 6 च देतो, प्लास्टिक जास्त लागलं तरी चालेल पण गाईपुढे बुरशीचा घास नको. ताण मोजायचा तर रोलवर पेनाने 10 सेंमी अंतरावर दोन खुणा करा, बेलवर गेल्यावर मधलं अंतर 17 सेंमीच्या वर दिसलं तर मशीन जास्त ओढतंय.