रमचा अननस: भिजवून भाजलेला आणि भाजून भिजवलेला

गेल्या डिसेंबरात सांगलीच्या विश्रामबागेत बहिणीच्या गच्चीवर शेगडी पेटवली होती. भाच्याने आदल्या रात्रीच अननसाच्या चकत्या डब्यात घालून त्यावर पाव बाटली रम ओतून ठेवली होती. "मावशी, रात्रभर मुरलाय. आता बघ कसा लागतो." चकत्या जाळीवर पडल्या आणि चर्र असा आवाज यायच्या ऐवजी नुसता फस्स झाला. थेंब निखाऱ्यावर पडायला लागले, दोनदा हातभर भडका उडाला, मग निखाराच मंदावला. दहा मिनिटांनी ताटात जे आलं ते फिकट, लिबलिबीत आणि वर काजळीचे पट्टे. रमचा वास मात्र गच्चीभर दरवळत होता. ताटात तो उरलाच नव्हता.

पोराने मनापासून केलं होतं, म्हणून त्याला मी काही बोलले नाही. पण हा घोळ मी इतक्या घरांत आणि इतक्या मोबाइलवरच्या पाककृतींत पाहिलाय की आता लिहायलाच हवं. "रममध्ये भिजवा आणि ग्रिल करा" हे एकच वाक्य सगळे एकमेकांचं बघून लिहितात. खरं तर भिजवून भाजलेला अननस आणि भाजून भिजवलेला अननस हे दोन वेगळे पदार्थ आहेत. सामान तेच, शेगडी तीच, फक्त क्रम उलटा. आणि त्या क्रमातच सगळं आहे.

भाजणं म्हणजे काय हे सांगलीकराला सांगायला नको. भरताचं वांगं, कणीस, आगटीतला हुरडा, सगळं आपल्या हाताखालून गेलेलं असतं. निखाऱ्यावर पांढरी राख धरली की जाळीच्या वर चार बोटं अंतरावर तळहात धरायचा. दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावा लागला तर आच बरोबर. कोळसा नसेल तर बिडाचा तवा चालतो. धुराचा वास येत नाही, पण रंग झकास येतो. फोडी की चकत्या, यावरही मी वाद घालणार नाही. चकत्या उलटायला सोप्या, एवढंच. डब्यातला पाकातला अननस मात्र घेऊ नका. तो आधीच शिजलेला आणि साखरेत बुडालेला असतो, जाळीला चिकटतो आणि करपतो.

फळ निवडताना दोन गोष्टी बघा. अननस झाडावरून उतरवल्यावर आणखी गोड होत नाही. घरी ठेवून तो मऊ होतो, वास येतो, पण साखर वाढत नाही. त्यामुळे बुडाशी वास घेऊन, पिवळा झालेलाच आणा. दुसरं म्हणजे, मोठा, फिकट गराचा, पाणीदार क्यू जातीचा अननस रसाला चांगला. भाजायला लहान, सोनेरी गराचा, कुरकुरीत मॉरिशस जातीचा घ्या. केरळातल्या ज्या वाळकुळमच्या अननसाला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो याच जातीचा.

आता मुख्य मुद्दा.

अननसात शंभरातले सुमारे ८६ भाग पाणीच असतं. त्याला रममध्ये ठेवलं तर तो रम पिणार कुठे? आत जागाच नाही. उलट रमने त्याचाच रस बाहेर खेचला जातो. सकाळी डब्यात जे पातळ पाणी दिसतं ते रम आणि अननसाच्या रसाचं मिश्रण असतं, आणि चकत्या वरून ओल्यागच्च झालेल्या असतात. रात्रभर मुरलं असं वाटतं, प्रत्यक्षात बरीचशी रम त्या पातळ पाण्यातच राहिलेली असते.

मग ही रात्रभर भिजवायची सवय आली कुठून? मला वाटतं, नाताळच्या केकमधून. केकसाठी बेदाणे, मनुका, टूटीफ्रूटी महिना महिना रममध्ये मुरवतात आणि ते अगदी बरोबर आहे. आपल्याकडे तासगावचा बेदाणा घराघरात असतो, तोच घेऊन बघा. बेदाण्यात पाणी असतं साधारण १५ टक्के. तो तहानलेला असतो. रममध्ये टाकलात की फुगतो, टचटचीत होतो, आणि दाताखाली फुटला की आतून रम येते. सुकं फळ भिजतं, रसरशीत फळ भिजत नाही. बेदाण्याचा नियम अननसाला लावला, तिथे चुकलं.

आणि नुकसान तिथेच थांबत नाही. ती ओली चकती जाळीवर पडली की आधी वरचं पाणी उडावं लागतं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ५४० कॅलरी उष्णता लागते, हे आपण शाळेत शिकलोय. तोवर चकतीचा पृष्ठभाग १०० अंशांच्या पुढे सरकत नाही. तपकिरी रंग आणि तो खरपूस वास यायला मात्र १४० अंशांच्या वर जावं लागतं. म्हणजे वरचं पाणी उडेपर्यंत चकती भाजत नाही, उकडत असते. आणि वरचं पाणी उडेपर्यंत आतला रस सुटायला लागतो, की परत ओली. असं करत करत ती मऊ पडते, रंग कधी येतच नाही. जो काळा पट्टा येतो तो रम-साखरेच्या थेंबांनी उडवलेल्या भडक्याची काजळी असते. काजळी कडू लागते. तिला खरपूसपणा समजू नका. साताऱ्याचा कंदी पेढा आठवा. त्याचा रंग खवा दमाने भाजल्याने येतो, धुराने काळा केल्याने नाही. तसा रंग अननसाच्या कडांना यायला हवा.

रमचं काय होतं तेही बघा. अल्कोहोल ७८ अंशांना उकळायला लागतं, पाण्याच्या कितीतरी आधी. त्याच्याबरोबर रमचा तो गोड, काकवीसारखा सुगंध पहिल्या वाफेतच निघून जातो. म्हणून वास शेगडीजवळ उभ्या असलेल्यांना मिळतो, खाणाऱ्याला नाही. रम उत्तम होती, पाव बाटली गेली, आणि कुणाच्याच तोंडी लागली नाही.

याउलट क्रम फिरवा. आपल्याला हे ठाऊक नाही असं नाहीच. गुलाबजाम आपण आधी तळतो आणि गरम गरम पाकात सोडतो. जिलबीचंही तेच. पीठ पाकात भिजवून मग कुणी तळायला घेत नाही. अननसालाही तोच न्याय. आधी कोरडा करून कडक आचेवर भाजायचा, वरचा थर सुकला, कडा आकसल्या, रंग धरला, की गरम असतानाच रमच्या पाकात सोडायचा. सुकलेल्या कडा पाक ओढून घेतात, रम तापत नाही, त्यामुळे सुगंध तिथेच राहतो. हा झाला भाजून भिजवलेला अननस. मला विचाराल तर रमचा अननस म्हणावा असा हाच.

पाकाबद्दल माझं मत ठाम आहे: साखर नको, गूळ घ्या. रम मुळात उसाचीच. साखरेचे दाणे काढून घेतल्यावर जी काळी मळी उरते, ती आंबवून आणि तिचा अर्क काढून बहुतेक रम बनते. सतराव्या शतकात कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांतून ती जगभर गेली. अननसही त्याच बाजूचा. कोलंबसाच्या लोकांना तो १४९३ मध्ये ग्वाडलूप बेटावर भेटला, आणि आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला, त्याच्या नावासकट. अननस हा शब्द दक्षिण अमेरिकेतल्या तुपी भाषेतल्या शब्दावरून पोर्तुगीजमार्गे आलाय. आपण कृष्णाकाठचे, गुऱ्हाळाच्या वासात वाढलेले. गडद गूळ आणि काळी रम एकत्र आली की कुठला वास कुणाचा ते सांगता येत नाही. घरात काकवी असेल तर आणखी उत्तम. काकवीला काही जण मळी समजतात, तेवढं मात्र करू नका. काकवी म्हणजे दाणा धरायच्या आधी उतरवलेला, आटवलेला उसाचा रस. ती खायची, मळी कारखान्यात जाते.

रम काळीच घ्या. पांढरी रम शीतपेयांत ठीक, इथे ती गुळाखाली दबून जाते. रमचं इसेन्स मी घरात येऊ देत नाही. ते बाटलीतून छान वास देतं आणि तोंडात औषधासारखं लागतं.

आता पाक. १०० ग्रॅम चिरलेला गूळ, दोन चमचे पाणी, मंद आचेवर विरघळवा. गाळून घ्या, गुळात कचरा असतोच. परत आचेवर ठेवून एक चमचा घरचं लोणी, चिमूटभर मीठ, दालचिनीचा छोटा तुकडा आणि चार-पाच मिरे ठेचून घाला. काळी मिरी चुकवू नका, तिच्याशिवाय पाक नुसता गोड होतो. दोन उकळ्या आल्या की गॅस बंद. उकळी पूर्ण बसू द्या, बुडबुडा उरला नाही पाहिजे. तेव्हा, आणि तेव्हाच, ६० मिलिलीटर रम घाला. गॅस पेटता असताना रम ओतू नका. ४० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेल्या मद्याची वाफ २६ अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्या साध्या खोलीच्या तापमानाला. आणि बाटलीतून थेट निखाऱ्यावर तर कधीच नाही. ज्वाळा धारेवरून वर बाटलीत चढते. रम आधी वाटीत मोजून घ्यायची, बाटली बूच लावून लांब ठेवायची.

अननस सोलून डोळे काढा, बोटभर जाडीच्या आठ चकत्या करा, मधला कडक गाभा काढून टाका. किंचित मीठ चोळून दहा मिनिटं ठेवा, पाणी सुटेल. आता सुती फडक्याने दोन्ही बाजूंनी नीट टिपा. नंतर पुन्हा टिपा. हात लावल्यावर चकती चिकट लागली पाहिजे, ओली नाही. ही दोन मिनिटं सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच सगळे गाळतात. तुपाचं बोट फिरवा, जाळीवर ठेवा आणि तीन-चार मिनिटं हात लावू नका. आधी चर्र आवाज येतो, मग तो बारीक होतो, मग कैरीच्या मुरांब्यासारखा वास यायला लागतो. तेव्हा उलटा. दुसरी बाजू तेवढीच. जाळीवरून थेट पाकात, दहा मिनिटं, मधे एकदा पलटी.

यात एक गैरसमज राहतोच, तोही इथेच काढते. "आगीवर धरलं की दारू जळून जाते, मुलांनाही चालतं." नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार पदार्थावर मद्य ओतून पेटवलं तरी सुमारे ७५ टक्के अल्कोहोल शिल्लक राहतं. मिसळून १५ मिनिटं शिजवलं तरी ४० टक्के राहतं, आणि अडीच तास शिजवल्यावरही ५ टक्के. हॉटेलात निळी ज्वाळा दाखवतात ती दिसायला सुंदर, पण तिने दारू जात नाही, चवही फारशी वाढत नाही. आपल्या पाकात तर रम आचेवरून उतरवल्यावरच पडते, म्हणजे जवळपास सगळी राहते. ६० मिलिलीटर रम आठ चकत्यांना वाटली तर एकेका चकतीत साधारण अडीच ग्रॅम अल्कोहोल येतं. म्हणून रम घालायच्या आधी थोडा पाक दुसऱ्या वाटीत काढून ठेवा, त्यात लिंबू पिळा. मुलं, गरोदर बाई, औषधं चालू असलेले, गाडी चालवणारे आणि न घेणारे यांच्या चकत्या त्या वाटीत. कुणाला न सांगता रमचं खाऊ घालणं मला अजिबात मान्य नाही.

बरोबर काय द्यायचं? कच्चा अननस दह्यात किंवा दुधात घातला की थोड्या वेळाने कडू होतो, कारण त्यातलं ब्रोमेलेन हे द्रव्य दुधातली प्रथिनं तोडतं. चांगलं तापल्यावर ते निकामी होतं. त्यामुळे चकती आतपर्यंत गरम झाली असेल तर बासुंदी, चक्का, व्हॅनिला आइस्क्रीम, काहीही चालतं. नुसती वरून भाजून आत थंड राहिली असेल तर चक्का कडवटतो, तेवढं बघा. मला स्वतःला साखर न घातलेला घट्ट चक्का आवडतो. गुळाचा पाक त्यावर ओघळला की आंबट, गोड आणि कडसर असं तिन्ही एकदम येतं.

जानेवारीत भाचा परत आला. त्याला आदल्या रात्री काहीतरी भिजत घालायचंच होतं, तर मी त्याला मूठभर तासगावचे बेदाणे आणि ती ६० मिलिलीटर रम दिली. दुसऱ्या दिवशी बेदाणे फुगून द्राक्षांसारखे झाले होते. उरलेली रम पाकात गेली, बेदाणे चकत्यांच्या मधल्या भोकात.