विमानाची वेळ बदलली? ‘मान्य’ दाबण्याआधी हे वाचा

तिकीट काढून महिना उलटतो आणि मोबाईलवर मेसेज येतो: ‘तुमच्या विमानाची वेळ बदलली आहे, मान्य असल्यास इथे दाबा.’ कृपया लगेच दाबू नका. एकदा मान्य केलंत की नवी वेळ तुम्हाला चालते असं कंपनी धरते, आणि मग रिफंड मागणं फार अवघड जातं.

आधी पुढचं विमान मिळतंय का ते बघा. पुणे-दिल्ली विमान सकाळवरून रात्रीवर गेलं, तर दिल्लीहून अमेरिकेचं विमान चुकलंच समजा. दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) असतील तर पुढची सोय कंपनीने करायची असते. तिकिटं वेगवेगळी असतील तर भुर्दंड तुमच्यावर. मुलांकडे एकट्याने निघालेल्या आई-बाबांसाठी आम्ही तिकीट एजंट एकाच पीएनआरचा आग्रह धरतो तो यासाठीच, चार पैसे जास्त गेले तरी. विमानतळ तोच आहे ना, हे बघायला त्याचा कोडही वाचा: बीओएम म्हणजे मुंबई, एनएमआय म्हणजे नवी मुंबई.

कंपनीने विमान रद्द केलं तर डीजीसीए या सरकारी विमान नियामकाच्या नियमाप्रमाणे पर्यायी विमान घ्यायचं की पूर्ण पैसे परत, हे तुम्ही ठरवायचं. वेळेत कळवलंच नसेल तर प्रवासाच्या कालावधीनुसार 5,000 ते 10,000 रुपयांपर्यंत भरपाईही आहे. मूळ भाडं आणि इंधन शुल्क मिळून त्याहून कमी होत असेल तर तेवढीच. खराब हवामानासारख्या कारणांना ती लागू नाही. आणि तिकिटावर तुमचा फोन नंबर नसेल तरीही मिळत नाही! म्हणून बुकिंग करताना प्रवाशाचा स्वतःचा, चालू असलेला नंबर आम्हाला द्या.

कस्टमर केअरला फोन लावला की अर्धा तास गाणं ऐकवतात, मग ‘सिस्टीममध्ये दिसत नाही’ म्हणतात. वयस्कर माणसांना असं ताटकळत ठेवणं आम्हाला मुळीच पटत नाही. तोंडी आश्वासनावर विसंबू नका. बोलणाऱ्याचं नाव, वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि तीच मागणी ईमेलने पाठवा. दाद मिळाली नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जा, त्यांचा पत्ता कंपनीच्या वेबसाईटवर असतो. तिथेही अडलं तर सरकारच्या एअरसेवा ॲपवर तक्रार नोंदवा.

आमच्याकडून तिकीट घेतलं असेल तर मेसेजचा स्क्रीनशॉट आणि पीएनआर आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवा. ईमेलचा मसुदा आम्ही मराठीतून समजावून, इंग्रजीत लिहून देऊ.