एसईझेड एमआयडीसीच्या आत, तरी सीमेपलीकडे

समजा, वाकडच्या एका फर्निचरवाल्याने हिंजवडीतल्या दोन कंपन्यांना सारख्याच पन्नास-पन्नास खुर्च्या विकल्या. दोन्ही कंपन्या एमआयडीसीतच. पहिल्या बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी लागला. दुसऱ्यावर मात्र आयजीएसटी, म्हणजे खुर्च्या जणू परराज्यात चालल्या. आणि दुकानदाराने एलयूटी (कर न भरता माल देण्यासाठीचं हमीपत्र) भरून ठेवलं असेल, तर तोही शून्य. कारण दुसरी कंपनी एसईझेडमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात आहे.

त्यामुळे कंपनी ‘एमआयडीसीत की एसईझेडमध्ये?’ असं कुणी विचारलं, तर तो प्रश्नच जरा फसवा आहे. एमआयडीसी हे राज्याचं महामंडळ, १९६२ सालचं. जमीन संपादित करायची, रस्ते-पाणी आणायचं आणि प्लॉट बहुधा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायचे, हे त्याचं काम. आपण महामंडळाचं नावच जागेला देऊन टाकलं. ‘पोरगा एमआयडीसीत लागला’ म्हणजे तो महामंडळाच्या नोकरीत नसतो, शेजारच्या कारखान्यात असतो. बदलापूरजवळचं बारवी धरणही एमआयडीसीचंच. उद्योगांसाठी आणलेल्या त्या पाण्यावर आज ठाणे जिल्ह्यातल्या शहरांचे नळही चालतात. कारखाना नेमका कुठे जावा, यासाठी राज्याची आणखी एक चावी आहे: १९६४ पासूनची सामूहिक प्रोत्साहन योजना. तिच्यात मागास तालुक्याला सवलत जास्त, पुण्या-मुंबईकडच्या विकसित पट्ट्याला नाममात्र.

एसईझेड ही जमिनीवर आखलेली कायद्याची रेघ. कायदा केंद्राचा, २००५ चा. कुंपणाच्या आतला भाग सीमाशुल्कापुरता देशाबाहेरचा मानतात. आत तयार झालेला माल गेटबाहेर देशातच विकला, तरी आयात केल्यासारखी ड्युटी भरावी लागते. अंधेरीचं सीप्झ हे याचं जुनं उदाहरण: १९७३ मध्ये निर्यात क्षेत्र म्हणून सुरू झालं, २००० मध्ये एसईझेड झालं, आणि मुळात उभं राहिलं एमआयडीसीच्याच जमिनीवर.

कंपन्यांना खरी ओढ होती आयकराची. निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षं पूर्ण माफी, पुढची पाच वर्षं निम्मी. ३१ मार्च २०२० नंतर सुरू होणाऱ्या युनिटसाठी हे दार बंद झालं, पाठोपाठ घरून काम आलं, आणि आयटी एसईझेडमधले मजले ओस पडू लागले. आता, माझ्या मते, सवलतीच्या जोरावर आलेला धंदा सवलतीबरोबर पातळ होणारच होता. बारवीचं पाणी तसं कुठे आटत नाही.

शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने आयटी एसईझेडमधले मजले सुटे-सुटे बाहेर काढायला परवानगी दिली. म्हणजे एकाच इमारतीत, एकाच लिफ्टने जाताना, चौथा मजला सीमेच्या आत आणि पाचवा बाहेर असू शकतो. फर्निचरवाल्याने बिल फाडण्याआधी आता मजलाही विचारून घ्यावा.