परीक्षानळीत उतरलेली शुगर आणि माणसाची उतरलेली शुगर

नागपुरात एखाद्या घरी बिजाच्या (विजयसार या झाडाच्या) लाकडाचा पेला दिसला, की समजावं, कुणाला तरी शुगर आहे. रात्री पाणी भरायचं, सकाळी ते तांबूस पाणी प्यायचं. हल्ली त्याला पुस्ती जोडतात, "काका, यावर रिसर्च झालाय." झालाय खरा. पण प्रयोगशाळेनं ज्या प्रश्नाचं उत्तर दिलं, तो काकांचा प्रश्न नव्हता.

वनस्पतींच्या अर्कावर सगळ्यात जास्त होणारी चाचणी अल्फा-ग्लुकोसिडेजची. आपल्या लहान आतड्यात हे एन्झाइम पिष्टाचे तुकडे तोडून ग्लुकोज मोकळं करतं. ते अडवलं तर जेवणानंतरची साखर हळू चढते. अ‍ॅकार्बोज ही गोळी हेच करते. प्रयोगशाळेत एन्झाइमला पीएनपीजी नावाचा रंगहीन पदार्थ देतात. तो तुटला की पिवळा रंग येतो. अर्क घातल्यावर रंग किती कमी आला, ते 405 नॅनोमीटरला मोजायचं. एन्झाइमचं निम्मं काम थांबवायला लागलेली मात्रा म्हणजे आयसी-50. स्वस्त, झटपट, आणि एम.फार्म.च्या विद्यार्थ्याला वेळेत संपवता येणारं काम.

खरी मेख पुढेच आहे. कित्येक प्रयोगांत वापरलेलं एन्झाइम माणसाचं नसतं, यीस्टचं असतं. कारण ते सहज विकत मिळतं. आणि यीस्टच्या एन्झाइमवर अ‍ॅकार्बोजचा जोर फारच कमी चालतो, आतड्यातल्या एन्झाइमवर मात्र चांगला चालतो. त्यामुळे "आमचा अर्क अ‍ॅकार्बोजपेक्षा प्रभावी" असं वाक्य लिहायला फारसे कष्ट पडत नाहीत. पैलवानाला पाण्यात उतरवून पोहणाऱ्याशी कुस्ती लावावी, तसा हा सामना. त्यात साल आणि लाकडातली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, दिसेल त्या प्रथिनाला चिकटतात, म्हणजे एन्झाइम थांबलं तरी ते खास मधुमेहावरचं काम नव्हे. मला विचाराल तर यीस्ट की उंदराचं आतडं, हे शोधनिबंधाच्या सारांशात लिहिलं नसेल तर तिथूनच सावध व्हावं.

उंदरांचं थोडक्यात. स्ट्रेप्टोझोटोसिन किंवा अलोक्सान टोचून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारतात. तो मधुमेह टाइप 1 च्या जवळचा, आणि आपल्याकडचे बहुतेक रुग्ण टाइप 2 चे, म्हणजे इन्सुलिन बनतं पण पुरेसं चालत नाही असे. डोसाचंही पाहा. मोठ्या उंदराला (रॅटला) वजनाच्या किलोमागे 200 मिलिग्रॅम अर्क दिला, तर अंगाच्या पृष्ठभागाच्या हिशेबानं 60 किलोच्या माणसाला रोज सुमारे 2 ग्रॅम होतो. तोही कोरडा अर्क, नुसती पावडर नव्हे.

माणसावरच्या चाचणीचा प्रश्नच वेगळा असतो. ठरलेल्या मात्रेत ठरलेले आठवडे दिल्यावर उपाशीपोटीची, जेवणानंतरची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीए1सी खाली आलं का, आणि यकृत-मूत्रपिंडाचं काय झालं? बिजावर असं काम झालं आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 1998 मध्ये छापलेल्या बहुकेंद्री चाचणीत 97 रुग्ण होते आणि 12 आठवड्यांत 67 जणांची साखर आटोक्यात आली. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. नुकतंच निदान झालेला माणूस पथ्य आणि चालणंही सुरू करतो, त्याचा वाटा या आकड्यातून वेगळा काढता येत नाही. तरी शंभर यीस्ट-प्रयोगांपेक्षा मी हीच एक चाचणी हाती धरीन.

आणखी एक गल्लत गुडमार या वेलीची. पान चावून साखर तोंडात टाकली तर रेतीसारखी लागते. ही जिम्नेमिक आम्लांची करामत जिभेवरची. रक्तातली साखर त्या क्षणी तिथल्या तिथेच असते.

प्रयोगशाळेतलं काम वायाच जातं असं मात्र नाही. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या नेहमीच्या गोळीचं मूळ गॅलेगा या युरोपीय वनस्पतीतल्या गॅलेजिनशी जोडलेलं आहे. मेटफॉर्मिन 1922 मध्ये तयार झालं, फ्रान्सच्या जाँ स्टर्न यांनी मधुमेहासाठी माणसांवरचे निष्कर्ष मांडले 1957 मध्ये. गॅलेजिन स्वतः विषारी ठरलं होतं.

आता पेल्याकडे. 1998 च्या चाचणीत अर्काची मात्रा दिवसाला 2 ते 4 ग्रॅम होती, मोजून. पेल्यातून पाण्यात किती उतरतं ते लाकूड, पाणी आणि पेल्याचं वय यांवर ठरतं. जुन्या पेल्यात पाणी फिकट होत जातं. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना वरून कुठलाही अर्क घेत असाल, तर ते डॉक्टरांना सांगा. कारण तो खरंच काम करत असला, तर शुगर गरजेपेक्षा खाली जाऊन घाम, थरथर आणि चक्कर येऊ शकते.