मॉर्फीनच्या उताऱ्याचा इतिहास
अफूपासून मॉर्फीन वेगळे काढण्यात जर्मन औषधनिर्माते सेर्ट्युर्नर यांना एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी यश आले. त्याची मात्रा जास्त झाली तर द्यायचा उतारा मात्र पुढची शंभरहून अधिक वर्षे हाती नव्हता. मॉर्फीन मेंदूतील श्वसनकेंद्र दडपते आणि श्वास मंदावत जाऊन रुग्ण दगावतो. १९१५ मध्ये युलिउस पोल यांनी कोडीन या अफूतल्याच दुसऱ्या द्रव्याच्या रेणूत नायट्रोजनला जोडलेला मिथाइल गट काढून तेथे तीन कार्बनचा अ‍ॅलिल गट बसवला. हे नवे द्रव्य मॉर्फीनने मंदावलेला श्वास पूर्ववत करते, असे त्यांना प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले. इतक्या मोलाच्या नोंदीकडे सुमारे पाव शतक फारसे कोणी लक्ष दिले नाही, याची हळहळ वाटते.

हाच बदल मॉर्फीनमध्ये करून १९४० च्या दशकाच्या आरंभी नॅलॉर्फीन तयार झाले आणि पुढच्या दशकात ते उतारा म्हणून वापरात आले. ते निव्वळ अवरोधक, म्हणजे मॉर्फीनचा परिणाम फक्त अडवणारे द्रव्य, नव्हते. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या वेदनाही त्याने शमतात, हे लासान्या आणि बीचर यांनी १९५४ मध्ये दाखवले. परंतु अस्वस्थता आणि भास होत असल्याने वेदनाशामक म्हणून ते टिकले नाही. रिसेप्टरला, म्हणजे पेशीवर औषध जेथे चिकटून परिणाम घडवते त्या जागेला, काही अंशी चेतवणारी आणि काही अंशी अडवणारी पेंटाझोसीन व ब्यूप्रेनॉर्फीन ही औषधे याच शोधातून पुढे आली.

निर्भेळ अवरोधक मिळाला तो मॉर्फीनसारख्याच ऑक्सिमॉर्फोन या वेदनाशामकावर तोच अ‍ॅलिल गट बसवल्यावर. जॅक फिशमन आणि मोझेस लेवेनस्टाइन यांनी १९६१ मध्ये ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, ते हे नॅलोक्सोन. अमेरिकेत त्याला १९७१ मध्ये मान्यता मिळाली. त्याचे वैज्ञानिक ऋण तर त्याहून मोठे आहे. तोवर ओपिऑइड, म्हणजे मॉर्फीनसारख्या द्रव्यांचा, रिसेप्टर हा केवळ तर्क होता. कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी १९७३ मध्ये किरणोत्सारी नॅलोक्सोन मेंदूच्या ऊतीत नेमके कोठे चिकटते हे मोजून त्याचा पुरावा दिला, आणि न्यूयॉर्क व उप्साला येथील संशोधकही त्याच वर्षी स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आले. १९७५ मध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून एन्केफालिन हे शरीरातच तयार होणारे मॉर्फीनसारखे द्रव्य वेगळे केले, तेव्हाही नॅलोक्सोनने त्याचा परिणाम थांबणे हीच ओळखीची खूण होती.

नॅलोक्सोन शिरेतून दिल्यावर काही मिनिटांतच श्वास सुधारतो. परंतु हा परिणाम साधारण अर्धा ते दीड तास टिकतो, तर मेथाडोनसारख्या ओपिऑइड औषधाचा अंमल त्याहून पुष्कळ लांबतो, त्यामुळे शुद्धीवर आलेल्या रुग्णाचा श्वास पुन्हा मंदावू शकतो. अमेरिकेत २०२३ पासून नॅलोक्सोनचा नाकात मारायचा फवारा चिठ्ठीविना मिळण्यास परवानगी आहे, तरीही तो दिल्यानंतर रुग्णाला रुग्णालयात नेऊन देखरेखीखाली ठेवणे आवश्यकच असते.