पातळ कोळशाच्या शेजारची पाने : यॉर्कशायरच्या जुरासिक वनस्पतींमागचा इतिहास

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर व्हिटबीपासून स्कारबरोमार्गे खाली ग्रिस्थॉर्पपर्यंत जे उंच कडे समुद्रात उतरतात, त्यांच्या बऱ्याच भागात वालुकाश्म, चिखलाचे दगड आणि मधूनच दगडी कोळशाची काळी रेघ असा क्रम दिसतो. या खडकांना आज रेव्हनस्कार गट म्हणतात. सॉल्टविक, क्लोटन आणि स्कॉल्बी हे त्यातले नद्यांनी आणलेल्या गाळाचे शैलसमूह असून, त्यांच्या दरम्यान समुद्र आत शिरला होता हे सांगणारे सागरी थर आहेत. काळ मध्य जुरासिक, म्हणजे ढोबळमानाने १७ कोटी वर्षांपूर्वीचा. नावे मात्र बदलत आली. भूवैज्ञानिक जॉन फिलिप्स यांनी १८२९ मध्ये या खडकांचा उल्लेख ‘वालुकाश्म, शेल आणि कोळसा’ अशा सरळ शब्दांत केला. पुढे शासकीय सर्वेक्षणाने त्यांना खाडीतले थर मानले, नंतर ते त्रिभुज प्रदेशातले ठरले आणि १९७० च्या दशकात आजचे नाव रूढ झाले. नावांतला हा बदल म्हणजे हा गाळ नेमका कुठे साचला याविषयीच्या समजुतीतला बदल आहे.

यातला कोळसा फार पातळ आहे. यॉर्कशायरची ज्या कोळशामुळे औद्योगिक इतिहासात ख्याती झाली, तो याहून कितीतरी जुना, कार्बनीफेरस काळातला आणि परगण्याच्या दुसऱ्या भागातला. (आपल्याकडचा चंद्रपूर-वणीचा कोळसाही पर्मियन काळातला, ग्लोसोप्टेरिस या नामशेष झाडांच्या अरण्यांचा, तोही या कोळशाच्या मानाने फार जुना.) उत्तर यॉर्कशायरच्या माळरानावर डॅन्बीच्या आसपास अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत लोकांनी लहान लहान विहिरीसारख्या खाणी खणून हा कोळसा काढला, तो चुन्याच्या भट्ट्यांना आणि घरच्या चुलीला उपयोगी पडला, त्यापलीकडे त्याचे मोल झाले नाही. व्हिटबीचा प्रसिद्ध काळा जेट दगड याच कोळशाचा प्रकार असावा असा समज होऊ शकतो, पण तो याच्या खालच्या, अधिक जुन्या सागरी शेलमध्ये सापडतो आणि वाहून गेलेल्या लाकडापासून बनलेला आहे.

कोळसा आणि पाने यांचे नाते नीट समजून घ्यायला हवे, कारण पुढचा सगळा इतिहास त्यावर उभा आहे. दलदलीत वनस्पती जागच्या जागी साचत, कुजत आणि दबत गेल्या की त्यांचा कोळसा होतो, आणि त्या प्रक्रियेत पानाचा आकार बहुधा ओळखू येण्यापलीकडे जातो. तेच पान जवळच्या शांत डबक्यात पडून बारीक चिखलाखाली गाडले गेले, तर ते पातळ काळ्या पापुद्र्याच्या रूपाने शिल्लक राहते. म्हणूनच या किनाऱ्यावरचे उत्तम जीवाश्म कोळशात नसून त्याच्या आगेमागे असलेल्या करड्या चिखलाच्या दगडात आहेत. काही ठिकाणी अश्वपुच्छाच्या कुळातील इक्विसेटायटीसची खोडे वालुकाश्मात उभीच्या उभी गाडलेली आढळतात. पुराच्या वाळूने त्यांना वाढत्या जागीच गाठले होते.

या वनस्पतींची चित्रे जॉर्ज यंग आणि जॉन बर्ड यांच्या १८२२ च्या किनारा-सर्वेक्षणात आली, आणि १८२८ मध्ये पॅरिसचे वनस्पतिशास्त्रज्ञ आदोल्फ ब्रॉन्यार यांनी आपल्या व्यापक मांडणीत त्यांना स्थान दिले. स्कारबरोचे रोटुंडा संग्रहालय १८२९ मध्ये उघडले. थरांचा क्रम जीवाश्मांवरून ओळखण्याची पद्धत घालून देणारे विल्यम स्मिथ तेव्हा याच परिसरात राहत होते आणि संग्रहालयाच्या रचनेत त्यांच्या विचारांचा मोठा वाटा होता. फिलिप्स हे त्यांचेच भाचे. प्रत्यक्ष दगड फोडण्याचे काम मात्र विल्यम बीन आणि जॉन विल्यमसन या स्थानिक संग्राहकांनी केले. ग्रिस्थॉर्पचा वनस्पतींनी भरलेला थर त्यांच्यामुळेच अभ्यासकांपर्यंत पोचला. जॉन यांचा मुलगा विल्यम क्रॉफर्ड विल्यमसन लिंडली आणि हटन यांच्या जीवाश्म वनस्पतींवरील ग्रंथासाठी कुमारवयातच रेखाटने करून देत होता. १८३४ मध्ये ग्रिस्थॉर्पच्याच टेकाडात ओकच्या कोरलेल्या खोडात पुरलेला कांस्ययुगीन माणसाचा सांगाडा सापडला, तेव्हा त्याचा वृत्तान्तही याच सतरा वर्षांच्या मुलाने लिहिला. पुढे तो मँचेस्टरला प्राध्यापक झाला, पण लहानपणी हाताळलेल्या एका कोड्याने त्याची पाठ सोडली नाही. सायकससारखी दिसणारी मोठी पाने आणि त्यांच्यासोबत मिळणारा फुलासारखा अवयव एकाच झाडाचे आहेत, असे त्याला वाटत होते. त्यावरील त्याचा निबंध १८७० मध्ये छापला गेला आणि त्याच वेळी विल्यम कॅरुथर्स यांनी त्या प्रजातीला विल्यमसोनिया हे नाव दिले. ही झाडे सायकसची नव्हेत, तर बेनेटाइटेलीझ या नामशेष गटाची.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातली खरी अडचण हीच आहे. दगडात झाड मिळत नाही. पान एकीकडे, बी दुसरीकडे, परागकोश तिसरीकडे मिळतात, आणि प्रत्येकाला वेगळे नाव पडते. एकोणिसावे शतक नावे देण्यात गेले. केंब्रिजच्या सीवर्ड यांनी ब्रिटिश म्युझियमसाठी १९०० मध्ये केलेल्या सूचीने त्या पसाऱ्याला शिस्त आली. अवयव जोडण्याचे काम त्यानंतर जोमाने सुरू झाले. १९२५ मध्ये ह्यू हॅमशॉ थॉमस यांनी स्कारबरोजवळच्या केटन उपसागरावरून नाव दिलेली केटोनिया ही जीवाश्म वनस्पती जगापुढे ठेवली. मिरीच्या दाण्याएवढ्या, आत वळून बंद झालेल्या तिच्या फळांत बिया होत्या, आणि तोंडापाशी किंजल्कासारखा (फुलातल्या परागकण झेलणाऱ्या टोकासारखा) ओठ होता. फुलझाडांचा पूर्वज सापडला असे वाटावे, अशीच ती रचना होती. परंतु जीवाश्म वनस्पतींचे ब्रिटिश अभ्यासक टॉम हॅरिस यांनी दाखवून दिले की परागकण त्या ओठावर न थांबता आत, थेट बीजकांपर्यंत पोचत होते, म्हणजेच केटोनिया फुलझाड नसून प्रकटबीजच (बीजके उघडी असणाऱ्या गटातली) होती. थॉमस यांचा निष्कर्ष टिकला नाही तरी पान, फळ आणि परागकोश जुळवण्याची त्यांची चिकाटी मला त्या निष्कर्षाहून मोठी वाटते.

हॅरिस यांनी हे कसे साधले ते जवळून पाहण्यासारखे आहे. पानाचा काळा पापुद्रा दगडापासून सोडवायचा, नायट्रिक आम्ल आणि पोटॅशियम क्लोरेटच्या मिश्रणात ठेवायचा, काळा रंग तांबूस होईपर्यंत वाट पाहायची, पाण्याने धुवायचा आणि मग अमोनियाचा सौम्य द्राव घालायचा. कोळसा तपकिरी होऊन विरघळून जातो आणि मागे उरते पानाची उपत्वचा, म्हणजे पानावरचे मेणचट आवरण, पारदर्शक व पिवळसर. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यावर पेशींच्या भिंतींचे ठसे आणि पर्णरंध्रे उमटलेली दिसतात. डोळ्यांना सारखी वाटणारी दोन पाने यामुळे वेगळी ठरली आणि वेगळ्या नावांची पाने एक झाली. हॅरिस यांचा यॉर्कशायरच्या जुरासिक वनस्पतींवरील ग्रंथ १९६१ ते १९७९ या काळात पाच खंडांत निघाला. त्यात नेचे, सायकस, बेनेटाइटेलीझ, गिंको आणि सूचिपर्णी अशा सर्वांची नोंद आहे. फुलझाड एकही नाही.

या इतिहासाचा एक धागा भारतातही येतो. यॉर्कशायरच्या बेनेटाइटेलीझ पानांना लावले जाणारे टिलोफायलम हे प्रजातिनाम जॉन मॉरिस यांनी १८४० मध्ये दिले, ते कच्छमधून आलेल्या नमुन्यांवरून. भारतीय पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी केंब्रिजला सीवर्ड यांच्याकडे शिकले, दोघांनी मिळून १९२० मध्ये भारतातल्या गोंडवन खडकांतील जीवाश्म वनस्पतींची फेरतपासणी प्रसिद्ध केली, आणि १९३२ मध्ये झारखंडमधील राजमहाल टेकड्यांतल्या अश्मीभूत विल्यमसोनियाला साहनी यांनी आपल्या गुरूचे नाव दिले. राजमहालच्या वनस्पती तेव्हा जुरासिक समजल्या जात, त्यामागे युरोपातल्या, विशेषतः यॉर्कशायरसारख्या ठिकाणच्या पानांशी असलेले साम्य हे मोठे कारण होते. पुढे तिथल्या, या वनस्पतींच्या थरांसोबतच्या बेसाल्टचे (थिजलेल्या लाव्ह्याचे) वय किरणोत्सर्गी मोजमापाने काढले गेले आणि ते सुमारे ११.७ कोटी वर्षे, म्हणजे क्रिटेशियस काळातले निघाले. त्यामुळे राजमहालचे टिलोफायलम यॉर्कशायरच्या टिलोफायलमशेजारी ठेवताना त्या दोन पानांत आता सुमारे पाच कोटी वर्षांचे अंतर धरावे लागते.